निसुर्डी, छोटा कल्प आणि बुग्यालातली (हिमालयातल्या उंच कुरणांतली) निळी फुलं: भोकर कुल ओळखायचं कसं?

रानवाटा

सप्टेंबर लागला की ट्रेकच्या ग्रुपांवर निळ्या-पांढऱ्या फुलांचे फोटो येऊन पडतात, प्रत्येकाखाली "हे कोणतं?" आणि त्याखाली चार वेगवेगळी उत्तरं. यातली बरीच फुलं भोकर कुलातली, म्हणजे बोरॅजिनेसीतली असतात. बरीच नसतातही. एकाच ठिकाणी नीट लिहून ठेवावं म्हणून हा धागा. सुरुवात सह्याद्रीपासून करतो, हिमालयाचं जाणकारांनी भर घालावी.

फुलाच्या रंगावरून सुरुवात करू नका. या कुलात एकाच फुलोऱ्यावर गुलाबी कळी, निळं फूल आणि पांढुरकं पडलेलं जुनं फूल असं सगळं एकदम दिसू शकतं. पाकळीतल्या पेशीरसाची आम्लता बदलली की तेच रंगद्रव्य वेगळं दिसतं. पाहायचा क्रम असा ठेवा:

खोड आधी. गोल असतं, चौकोनी नाही. दोन बोटांत धरून फिरवलं तर लगेच कळतं. चौकोनी लागलं तर बहुधा तुळशीचं कुल, तिथेच थांबा.

मग केस. खोडावर आणि पानांवर ताठ, खरखरीत केस असतात. भिंगातून पाहिलं तर प्रत्येक केसाच्या बुडाशी पांढरट फोडासारखा उंचवटा दिसतो. पान उन्हाच्या दिशेला धरलं तर हे ठिपके नुसत्या डोळ्यांनीही दिसतात. नाजूक त्वचेच्या माणसाला हे केस टोचून खाज येते, म्हणून हाताळताना रुमाल बरा.

तिसरा फुलोरा. कोवळं टोक विंचवाच्या नांगीसारखं आत वळलेलं असतं आणि फुलं उमलत जातील तसं उलगडतं. फुलं दांड्याच्या एकाच बाजूला.

चौथं फूल. पाच पाकळ्या तळाशी जुळलेल्या, सगळ्या सारख्या मापाच्या. पुंकेसर पाच, ते पाकळ्यांच्या नळीलाच चिकटलेले. नळीच्या तोंडाशी पाच छोटे उंचवटे, बहुतेकदा वेगळ्या रंगाचे. फुलाचा "डोळा" म्हणतात तो यांनीच बनतो.

शेवटी फळ, आणि खरा निकाल तिथेच लागतो. वाळलेल्या पुष्पकोशात (पाकळ्यांच्या मागचं हिरवं आवरण) चार कण शेजारीशेजारी बसलेले असतात. प्रत्येक कण एक बी धरून सुटा होतो. पुस्तकात त्याला कपालिका म्हणतात.

गवताळ

क्रम चांगला आहे, पण फळ पाहायला कोण थांबतं? फुलांच्या हंगामात फळं नसतातच असं लोक धरून चालतात.

रानवाटा

तीच तर गंमत. फुलोरा बुडाकडून टोकाकडे उमलतो. टोकाला कळ्या असताना बुडाशी महिन्यापूर्वीच्या फुलांची फळं तयार असतात. फोटो काढणारा सुंदर ताज्या फुलांवर फोकस करतो आणि दोन-तीन इंच खालचा भाग चौकटीबाहेर जातो. नाव पक्कं करायचा पुरावा त्याच झाडावर, त्याच दांडीवर असतो.

आता सह्याद्रीतली मुख्य मंडळी.

निसुर्डी. महाबळेश्वर, हरिश्चंद्रगडाच्या बाजूला पावसाळ्याच्या शेवटी उतारावर आणि झाडीच्या कडेला दिसते. कमरेपर्यंत सहज वाढते. बुडाची पानं मोठी, लांब देठाची, तळाशी हृदयाकृती; वर जाताना लहान आणि देठ आखूड. फुलं साधारण सेंटिमीटरभर, पांढरी ते फिकट निळी, मधे गडद निळा डोळा. फळांना आकडे असतात, पँटला आणि मोज्यांना चिकटतात.

छोटा कल्प, ट्रायकोडेस्मा इंडिकम. माळावर, शेताच्या बांधावर, पायवाटेच्या कडेला. गुडघ्याच्या खालीच राहतो. फुलं खाली मान घातलेली, म्हणून संस्कृतात याला अधोपुष्पी. पाकळ्यांची टोकं पिळलेली. मधे पाच परागकोश एकत्र येऊन टोकदार सुळका करतात, त्यावर लोकर. पानं बहुतेक समोरासमोर, देठ नाही, तळाचे दोन कान खोडाला मिठी मारून बसलेले. वर मी नळीच्या तोंडाच्या उंचवट्यांबद्दल लिहिलं, ते या वंशात (शास्त्रीय नावातला पहिला शब्द, इथे ट्रायकोडेस्मा) नसतात. पानांचा क्रमही कुलातल्या नेहमीच्या एकाआड एक पद्धतीहून वेगळा. म्हणून नवखा माणूस याला कुलाबाहेर काढतो.

भुरुंडी, हेलिओट्रोपियम इंडिकम. तळ्याकाठी, गाळपेरात, गावाजवळच्या ओलसर पडीक जागी. फुलोरा लांब, टोकाला वळलेला, त्यावर इवली फिकट जांभळी किंवा पांढरी फुलं दोन ओळींत. ही डोंगरमाथ्यावर शोधू नका, पायथ्याच्या गावातच भेटेल.

कुसळ

छोट्या कल्पात एक भर. फुलाच्या मागे पाहिल्याशिवाय इंडिकम म्हणू नये. पुष्पकोशाच्या प्रत्येक दलाला तळाशी दोन टोकदार कान असतात, बाणाच्या पात्यासारखे मागे आलेले. हे दिसले की इंडिकम. ट्रायकोडेस्मा झेलॅनिकममध्ये हे कान नसतात आणि पानंही तळाशी निमुळती होतात, खोडाला मिठी मारत नाहीत. ते झाड जास्त उंच आणि राठ. समोरून काढलेल्या फोटोत दोन्ही सारखीच दिसतात, त्यामुळे समोरून काढलेले वीस फोटो कुणी पाठवले तरी उपयोग शून्य.

निसुर्डीच्या नावांचाही घोळ आहे. जुन्या फ्लोरात (प्रदेशातल्या वनस्पतींची नोंद असलेल्या ग्रंथात) सायनोग्लॉसम, पॅराकॅरियम, मग ॲडेलोकॅरियम, आता पॅराकॅरिओप्सिस. झाड तेच. गुगल करताना चारही नावं टाका, नाहीतर वाटेल की चार वेगळ्या वनस्पती आहेत. शिवाय निसुर्डी हे मराठी नाव लोक खऱ्या सायनोग्लॉसमलाही लावतात.

गवताळ

मग खरं सायनोग्लॉसम आणि पॅराकॅरिओप्सिस डोंगरावर वेगळं करायचं कसं? दोघांच्याही फळांना आकडे.

कुसळ

बुडाची पानं बघा. पॅराकॅरिओप्सिसची लांब देठाची, तळाशी हृदयाकृती खाच असलेली. सायनोग्लॉसम झेलॅनिकमची लांबट, दोन्हीकडे निमुळती, खाच कधीच नाही. सायनोग्लॉसमची फुलं लहान, एकसारखी निळी, आणि फुलोऱ्याच्या दांड्या दोन-दोन करून रुंद कोनात फाकलेल्या, त्यावर पानं जवळजवळ नाहीत.

अडचण अशी की ऑक्टोबरअखेर बुडाची पानं सुकून गेलेली असतात. तेव्हा गवत बाजूला सारून बुंध्याशी वाळलेले देठ शोधा. लांब देठ शिल्लक असतील तर अंदाज बांधता येतो, पण तो अंदाजच.

आणि पॅराकॅरिओप्सिसमधली कोणती जात हे फुलाच्या रंगावरून ठरवणं सोडून द्या. पांढरी-निळी छटा एकाच टेकडीवर बदलते.

बुगडी

हिमालयाचं मी घेते. व्हॅली ऑफ फ्लॉवर्सला आपल्याकडून दरवर्षी बसच्या बस भरून जातात, तिथला प्रश्न ठरलेला: प्रत्येक लहान निळ्या फुलाला "फरगेट-मी-नॉट" म्हणून मोकळं व्हायचं. फोनवरची ॲपही तेच सांगतात. घांगरिया या मुक्कामाच्या गावाच्या पुढे, साधारण ३००० ते ३७०० मीटरच्या पट्ट्यात, निदान तीन वेगळे वंश हा डोळा घेऊन उभे असतात.

मायोसोटिस, म्हणजे खरं फरगेट-मी-नॉट. झाड लहान, वीतभर ते दीड वीत. फूल ६ ते ९ मिलिमीटर, मधे पिवळा डोळा. जुन्या फुलात हाच डोळा पांढरट पडतो, त्यामुळे "पिवळा डोळा नाही, म्हणजे मायोसोटिस नाही" असं म्हणू नका. वरच्या पानांना देठ नाही. फळाचे चार कण गुळगुळीत, चकचकीत, काळपट. आकडा औषधालाही सापडणार नाही.

हॅकेलिया अन्सिनाटा. मांडीपर्यंत उंच, झुडपांच्या कडेला, ओलसर जागी. फूल सेंटिमीटरच्या आसपास. खालची पानं लांब देठाची, हृदयाकृती, निसुर्डीची आठवण करून देणारी. फळाच्या प्रत्येक कणाच्या कडेने आकड्यांची एक रांग.

सायनोग्लॉसमच्या जाती. फुलं लहान. आकडे बहुतेकदा कडेपुरते नसून पाठभर पसरलेले.

थोडक्यात भिंगाखाली फळ धरा: आकडे नाहीत, कडेने आहेत, पाठभर आहेत. या तिन्हीत घोळ होतो तो एवढ्याने सुटतो. १० पट मोठं दाखवणारं सोनारी भिंग पुरतं. ते डोळ्याला चिकटवून धरायचं आणि वस्तू भिंगाकडे आणायची. लोक भिंग हात लांब करून धरतात आणि मग काही दिसत नाही म्हणतात.

वेळेचं भान ठेवा. जुलैच्या मध्यात फुलं भरपूर, पण फळं कोवळी, आकडे अजून मऊ आणि आखूड, म्हणून हॅकेलियाचं फळही गुळगुळीत वाटू शकतं. ऑगस्टच्या दुसऱ्या पंधरवड्यात निकाल स्पष्ट. पार्क १ जून ते ३१ ऑक्टोबर उघडं असतं, पण सप्टेंबर सरताना फुलं जवळजवळ आटोपलेली.

गवताळ

बुगडीताई, फुलं तोडून आणायची का मग? फळ भिंगाखाली धरायचं म्हणताय म्हणून विचारतो.

बुगडी

अजिबात नाही! राष्ट्रीय उद्यानात तोडणं गुन्हा आहे, कासलाही तोच नियम लागू. फांदी जागेवरच हलकेच वाकवायची आणि तोंड खाली न्यायचं. आणि फळं गोळा करायची तर तोडायला लागतही नाहीत, परत आल्यावर स्वतःचे मोजे बघा. मात्र ते मोजे दुसऱ्या डोंगरावर तसेच नेऊ नका. बिया तिकडे पोचतील. तळावर उतरलात की तिथेच काढून टाका.

चिखलवाट

कुलात नसलेली पण फसवणारी फुलं कोणती, तेही यायला हवं. सह्याद्रीची माझी यादी:

विष्णुक्रांता. निळं, गोल, पाच भागांचं, म्हणून सगळे फसतात. पण फूल एकेकटं, धाग्यासारख्या बारीक देठावर. फुलोरा वळलेला नाही. केस मऊ रेशमी. तीन खुणा एकदम जुळत नाहीत.

जांभळी चिरायत, एक्झॅकम. पानं समोरासमोर आणि तुळतुळीत, केसांचा पत्ता नाही. पिवळे परागकोश ठळक.

सायनोटिस. पाकळ्या तीन मोजल्या की विषय संपला.

भातखाचरातली हायड्रोलिया. ही सगळ्यात वाईट. निळी, पाच पाकळ्यांची, खाचराच्या पाण्यात उभी. जुन्या वर्गीकरणात ही भोकर कुलाच्या शेजारच्या कुलात होती, आता तिचं कुल वेगळं आणि गणही (कुलाच्या वरची पायरी) वेगळा. फळ फोडून बघा: खूप बारीक बिया असलेलं बोंड. आपल्या कुलात प्रत्येक फुलामागे चारच्या वर बिया मिळत नाहीत.

बुगडी

हिमालयात याच यादीत व्हेरोनिका टाका. निळी, इवली, डोळा पांढरा. पाकळ्या चार, पुंकेसर फक्त दोन. आणि मेकोनॉप्सिस, म्हणजे निळी पॉपी: केस राठ म्हणून कुणी भोकर कुलात ढकलतात, पण पुंकेसरांचा झुबका पाहिला की प्रश्न राहत नाही.

कुसळ

निळ्याच्या बाहेरही बघा. तांबूस-जांभळी, नळीसारखी फुलं असलेली मंडळी काश्मीर-लडाखकडे जास्त.

आर्नेबिया बेंथामी: काश्मीर ते उत्तराखंड, ३००० मीटरच्या वर. एकच जाड उभी मंजिरी, त्यातून लांब, अरुंद, केसाळ पानं फुलांच्या बाहेर लोंबतात, फुलं त्यात जवळजवळ लपलेली. लांबून ओळखू येते, चुकायला जागा नाही. औषधासाठी उपसून उपसून विरळ झाली आहे, म्हणून फोटो टाकताना नेमकी जागा देऊ नका.

आर्नेबिया युक्रोमा: लडाख-स्पितीच्या कोरड्या उतारावर. रतनजोत नावाने जी मुळं विकली जातात त्यातलं हे एक. मुळातला लाल रंग तेलात उतरतो, पाण्यात नीट उतरत नाही, म्हणून तुपात-तेलात घालतात. ओळखण्यासाठी मूळ उकरायची गरज नाही. बुडाशी जुन्या पानांचे अवशेष जांभळट दिसतात, तेवढं पुरे.

लिंडेलोफिया लॉन्गिफ्लोरा: गडद निळी-जांभळी, लोंबती, नळीदार फुलं. हिची फळंही आकडेवाली. लडाखात भेटते ती लिंडेलोफिया स्टायलोसा, फूल मळकट तांबडं आणि त्याबाहेर सरळ डोकावणारी कुक्षीवृंताची (स्त्रीकेसराच्या दांड्याची) काडी.

ओनोस्मा: फुलं नळीसारखी आणि लोंबती, पाकळ्यांची टोकं जेमतेम सुटी. केस इतके ताठ की रुमालातूनही टोचतात.

आल्प्सकाठी

स्वित्झर्लंडमधून लिहितोय. इथल्या ट्रेकवर जाणाऱ्या मराठी मंडळींसाठी दोन गोष्टी.

एकियम वल्गारे कुरणाच्या आणि रस्त्याच्या कडेला जून-जुलैत सगळीकडे. रानवाटा यांनी लिहिलेला "सगळ्या पाकळ्या सारख्या मापाच्या" हा नियम इथे लागू होत नाही. फूल किंचित तिरकं, वरची बाजू मोठी, आणि गुलाबी पुंकेसर बाहेर आलेले. तरी केस, वळलेला फुलोरा आणि चार कण जागच्या जागी. एका नियमावर विसंबून कुलाबाहेर काढू नका.

दुसरं महत्त्वाचं. सिम्फायटम, म्हणजे कॉम्फ्री, आणि डिजिटालिस यांची फुलं येण्याआधीची पानं सारखी दिसतात. डिजिटालिस हृदयावर काम करणारं विष आहे, कॉम्फ्री समजून त्याचा चहा करून लोक दगावले आहेत. डिजिटालिसच्या पानाची कड बारीक दातेरी आणि केस मऊ. कॉम्फ्रीची कड अखंड आणि केस खरखरीत.

उंचावर, २५०० मीटरच्या पुढे, खडकाला चिकटून उशीसारखं वाढणारं एरिट्रिकियम नानम दिसलं तर ते मायोसोटिस नव्हे. पानं रुपेरी, दाट केसांची, झाड दोन-चार बोटं उंच.

गवताळ

चहावरून आठवलं. छोटा कल्प, भुरुंडी औषधी म्हणून लोक काढे सुचवतात. या कुलातलं खायला चालतं का?

रानवाटा

भोकराचं लोणचं चालतं, आणि उत्तम लागतं. त्यापलीकडे ओळख पटवून झाली म्हणून पोटात घालू नका. भुरुंडीत, आणि कुलातल्या इतर अनेक वनस्पतींत, पायरोलिझिडीन अल्कलॉइड असतात. ती यकृतावर हळूहळू परिणाम करतात, लगेच त्रास होत नाही म्हणून माणूस निर्धास्त राहतो. उकळल्याने ती पुरेशी जात नाहीत. बाजारात गावजबान या नावाने औषध म्हणून येतं ते तर एकाच झाडाचं नसतं.

फुलपाखरांना मात्र हेच अल्कलॉइड हवे असतात. वाळलेल्या भुरुंडीवर ब्लू टायगर, स्ट्राइप्ड टायगर घोळक्याने बसलेले दिसतात. नर ती शोषून त्यापासून मादीसाठीचा गंध बनवतात. फुलपाखरांचे फोटो काढणाऱ्यांनी ही झुडपं शोधून ठेवावीत.

चिखलवाट

भोकर आणि भुरुंडी एकाच कुलात कसे, हा प्रश्न येईलच.

कुसळ

वाद चालू आहे. २०१६ च्या एपीजी-४ या फुलझाडांच्या वर्गीकरणात सगळे एकाच बोरॅजिनेसीत. त्याच वर्षी या गणावर काम करणाऱ्या गटाने कुल फोडून भोकर, दातरंग, भुरुंडी यांची तीन वेगळी कुलं केली. दोन्ही पद्धती वापरात आहेत, म्हणून एका संकेतस्थळावर भुरुंडी हेलिओट्रोपिएसीत आणि दुसऱ्यावर बोरॅजिनेसीत सापडेल. डोंगरावर फरक एवढाच करायचा: निसुर्डी-मायोसोटिससारख्यांत किंजपुटाचे (ज्याचं पुढे फळ होतं त्या भागाचे) चार भाग आणि कुक्षीवृंताची काडी त्यांच्या मधून, बुडातून निघालेली. भुरुंडी, भोकर, दातरंग यांत काडी किंजपुटाच्या डोक्यावर. भोकराची काडी दोनदा दुभंगते, टोकं चार होतात. आळंदीचा अजानवृक्ष म्हणजेच दातरंग, एहरेशिया लेविस. तो याच मंडळीतला, हे बऱ्याच वारकरी ट्रेकर्सना माहीत नसतं.

गवताळ

शेवटचं, फोटोंचं. नाव विचारायचं असेल तर नेमके कोणते टाकावेत?

बुगडी

सहा पुरतात, पण हेच सहा. पूर्ण झाड, शेजारी पट्टी किंवा पेन ठेवून. बुडाचं पान देठासकट. खोडाला पान जिथे जुळतं तो सांधा. फूल समोरून आणि त्याच फुलाची पाठ, पुष्पकोश दिसेल असं. फुलोऱ्याचं बूड, फळांसकट.

उन्हात निळं-पांढरं फूल फोनवर फटफटीत पांढरं येतं आणि डोळ्याचा तपशील जातो. अंगाची सावली पाडा, पडद्यावर फुलावर बोट टेकवून उजेड थोडा खाली ओढा. फोन निळ्याला जांभळट करतो, म्हणून खरा रंग लगेच वहीत लिहा. वाऱ्यात दांडा हलत असेल तर बुडाशी दोन बोटांनी धरा, फुलाजवळ नको, तिथे केस गळतात आणि फोटोत गुळगुळीत खोड दिसतं. सोबत महिना, उंची, जागा कशी आहे हे लिहा: कातळ, गवताळ उतार, झाडीची कड, ओलावा.

गवताळ

आणि फळ मिळालंच नाही तर?

कुसळ

तर वंशापर्यंत थांबायचं. "पॅराकॅरिओप्सिस, जात अनिश्चित" हे आयनॅचरलिस्टवर आणि इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलवरही चालतं, आणि चुकीच्या जातीपेक्षा कितीतरी कामाचं असतं. जागा इथे नोंदवून ठेवा. तीन-चार आठवड्यांनी त्या गडावर जाणारा कुणीतरी निघतोच, तो बुडाची फळं टिपून त्याच नोंदीखाली टाकेल. हरिश्चंद्रगडाच्या टोलार खिंडीच्या वाटेने ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात कोण जाणार आहे, ते कळवा.